ढीग जागेवर होता

१. पिवळी

ढीग जागेवर होता. लांबी साठ मीटर, रुंदी पंधरा, उंची दोन. कागदावर जेवढा, तेवढाच प्रत्यक्षात. सरकारी कामात असा योग फार क्वचित येतो. चोरीला गेली होती ती फक्त त्यातली माती.

कांचन खोत हे सांगायला आली तेव्हा मी लीलाताईंकडे चहा पीत बसलो होतो. निमित्त माझ्याच बायकोच्या तक्रारीचं होतं. लखनौतल्या आमच्या गोमती नगरच्या सोसायटीत जानेवारीत नवं लॉन झालं. होळीनंतर ते पहिल्यांदा कापलं, तेव्हा चेतना गॅलरीतून म्हणाली, "अहो, लॉनला कुणी बाम चोळलाय का?" सोसायटीचा सचिव मीच असल्यामुळे मी माळ्याची कसून चौकशी केली. माळी म्हणाला, "साहब, नई घास है, ऐसे ही महकती है." मला पटलं. एरवी मी बँकेत कर्जाचे अर्ज तपासतो. समोरचा ठामपणे बोलला की मला पटतं. चेतनाला पटलं नाही, म्हणून प्रकरण खालच्या मजल्यावर, लीलाताईंकडे आलं होतं.

लीलावती टिपणीस रेल्वेतून निवृत्त झालेल्या अभियंता. चौतीस वर्षं त्यांनी रुळांखालचे मातीचे भराव बांधले. माणसांपेक्षा त्यांचं मातीशी जास्त जमतं, कारण माती दिलेला भार घेते आणि मध्ये बोलत नाही.

"मावशी, ढीग आहे, पण माती नाहीये!" कांचन दारातूनच म्हणाली.

"मग ढीग कशाचा आहे?" लीलाताईंनी विचारलं. सहानुभूती त्या माहिती पूर्ण झाल्यावर दाखवतात.

"मातीचाच. पण ती माती नाही."

"आधी बस. बाळकृष्ण, तिला बिस्किटं द्या. सगळी नका खाऊ."

कांचन मूळची सांगलीकडची. केंद्र सरकारच्या एका खात्यात खाण अभियंता म्हणून लखनौला आली आणि इथे तिने कुणी न सांगितलेली गोष्ट केली: खाणीचा आराखडा बनवताना खाण संपल्यावर काय, याचाही आराखडा बनवला. देवा रोडच्या पुढे भटपुरवा नावाचं गाव आहे. तिथे जमिनीखाली चुन्याच्या खड्यांचा थर लागतो, त्याला कंकर म्हणतात. रस्त्याच्या पायात तो खडीसारखा चालतो. जगदीश वर्मांच्या दीड एकरातून हा कंकर काढायचा, खड्डा कालव्याच्या गाळाने भरायचा, आणि शेत होतं तसं परत करायचं, अशी ती योजना. जिल्ह्यात आजवर शेतांचे खड्डे पुष्कळ झाले होते. खड्ड्याचं शेत एकदाही झालं नव्हतं.

"वरची फूटभर काळसर माती आधीच काढून वेगळी ठेवली होती," कांचन म्हणाली. "शेवटी तीच पसरायची. ती फूटभर म्हणजे शेत. खालच्या पिवळ्या मातीत काडी उगवत नाही. आज ढिगावरची जाळी काढली, तर आत सगळी पिवळी! खड्ड्यातलीच खालची माती वर आणून ठेवलीय."

"आणि काळी?"

"गायब. मंगळवारी शेत परत द्यायचं का ते ठरवायला समिती येतेय. माती नाही म्हणजे कलम अकरा. शेत परत होत नाही. खड्ड्याला जलाशय म्हणतात, आणि तो तीस वर्षं ठेकेदाराकडे जातो. वर ठेकेदार विपुल रस्तोगीनं लेखी दिलंय, की जगदीशने स्वतःच माती विकली. म्हणजे शेत जाणार ते जाणारच, शिवाय चोर तोच."

"दर महिन्याला मोजणी होती ना?"

"ड्रोननं. सेंटिमीटरपर्यंत. एकाही महिन्यात ढीग कमी भरला नाही."

लीलाताईंनी कप ठेवला. "अठराशे घनमीटर. म्हणजे एकशे ऐंशी डंपर. एकशे ऐंशी डंपर माती गेली, तेवढीच दुसरी चढली, आणि कुणाला दिसलं नाही. एकतर चोर जादूगार आहे, नाहीतर बघणारे पगारी आहेत." त्यांनी कपाटातून जुने रेल्वेचे बूट काढले. "बाळकृष्ण, तुमची गाडी काढा. लॉनचं नंतर बघू."

तीन दिवस होते.

२. हंस

विपुल रस्तोगीचं ऑफिस खड्ड्याच्या काठावर एका लोखंडी डब्यात होतं. डब्यात एसी होता आणि डब्यामागे ताडपत्रीखाली काहीतरी मोठं, लांब मानेचं. लीलाताईंनी ताडपत्रीचं टोक उचललं. आत हंस होता. पांढरा, फायबरचा, पाठीवर दोन माणसांची बैठक, पायाखाली पायडल.

"हे काय आहे?" कांचनने विचारलं.

"बोट आहे मॅडम," विपुल म्हणाला. माणूस पन्नाशीचा, गोरा, दोन अंगठ्या. त्याचं संभाषण हिंदीत झालं. मी ते मराठीत देतोय, त्यामुळे त्यात थोडी सभ्यता शिरली असेल. "एक वॉटर पार्क बंद पडत होता. स्वस्तात मिळाली."

"खाणीत हंस कशाला?" लीलाताईंनी विचारलं.

"भविष्याचा विचार करावा लागतो, दीदी."

माझ्यापुरतं प्रकरण इथेच संपलं. शेत बुडालं तर ज्याचा तलाव होणार, त्याने हंस आधीच विकत घेऊन ठेवलाय. यापेक्षा ठळक पुरावा मी कर्जाच्या फायलीतही पाहिलेला नाही. मी लीलाताईंना डोळ्यांनी खूण केली. त्यांनी ती पाहून न पाहिल्यासारखी केली.

"ढिगावर जाळी कुणी घातली?" त्यांनी विचारलं.

"मीच. ऑक्टोबरात. ड्रोनवाला अनीश म्हणाला, ढिगावर गवत वाढलं की माप चुकतं. म्हणून गवत कापून हिरवी जाळी लावली."

"इथून गाड्या कधी सुटतात?"

"रोज. महिन्याचा शेवटचा शनिवार सोडून. त्या दिवशी मोजणी. ऑक्टोबरापासून अनीशची अट आहे, मोजणीला खाणीत चिटपाखरू नको. मजुरांना सुट्टी, चौकीदाराला सुट्टी, मलाही सुट्टी. त्या दिवशी इथे एवढं शांत असतं, की खड्ड्यात सुई पडली तरी ऐकू येईल."

"तुम्ही ऐकलंय?"

"मी कुठे असतो? मी घरी असतो."

"मग शांत असतं हे कुणी सांगितलं?"

विपुलने जरा विचार केला. "अनीशने," तो म्हणाला.

"आणि जगदीशजींशी याबद्दल कधी बोललात?"

विपुलचा चेहरा उकडलेल्या बटाट्यासारखा झाला. "त्या माणसाशी मी बोलत नाही. दीड वर्ष झालं. जे असेल ते कांचन मॅडमकडून, लेखी."

गाडीकडे जाताना मी हळूच म्हटलं, "लीलाताई, हंस!"

"बघितला," त्या म्हणाल्या. "पण हंस माती खात नाही."

३. खांबावर काय होतं

जगदीश वर्मा आम्हाला खड्ड्याच्या दुसऱ्या काठावर भेटले. इस्त्रीचा पांढरा कुर्ता, खिशाला पेन, हातात छत्री. शेतकरी म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे जे चित्र येतं, त्यातलं त्यांच्याकडे काहीच नव्हतं. उलट त्यांनीच माझ्या बुटांकडे कणवेने पाहिलं.

"हमारी मिट्टी हम बेचेंगे?" ते कांचनला म्हणाले. "बिटिया, त्या ढिगात माझ्या वडलांनी चाळीस वर्षं घातलेलं शेण आहे. विपुलला म्हणावं, तुझ्या खानदानाने चाळीस वर्षं कशात काय घातलं ते सांग."

"तुम्ही त्यांच्याशी बोलत का नाही?" मी विचारलं.

"जमीन बघायला आला, त्या पहिल्याच दिवशी फोनवर कुणाला तरी म्हणाला, 'मैं साइट पर हूँ.' माझ्या शेताला साइट म्हणाला! त्याच्याशी काय बोलायचं?"

लीलाताईंनी मान डोलावली. हे कारण त्यांना पुरेसं वाटलेलं दिसलं. "मोजणीच्या शनिवारी तुम्ही इथे असता?"

"आम्हाला आत यायला मनाई. पण घर पलीकडेच आहे, दिसतं ना. मोजणीच्या दिवशी तर मेळा लागायचा! गाड्यांवर गाड्या, ताडपत्री घातलेल्या."

"कुणाच्या?"

"विपुल की, और किसकी?"

मोजणी म्हटल्यावर गाड्या आल्याच, असं मला वाटलं. आमच्या बँकेत पाच हजारांचं फर्निचर मोजायलाही चार गाड्या येतात.

"शेतात काय होतं? कागदावर गहू आहे," लीलाताई म्हणाल्या.

"कागदावर गहूच असणार. लेखपाल, म्हणजे इकडचा तलाठी, खुर्चीतून उठत नाही, त्याला खुर्चीतून गहू दिसतो. गहू एप्रिलला काढला. जुलैमध्ये जमीन देणार होतो. म्हटलं रिकामी कशाला ठेवायची, मध्ये पिपरमिंटचं एक पीक काढून घेतलं. तेल काय सुटलं होतं, दीदी!" जगदीशजी बोटं नाकाशी नेऊन थांबले, जणू वास अजून तिथेच होता. शेतकऱ्याला पिकाबद्दल बोलू द्यावं, त्याला बरं वाटतं, असा विचार करून मीही मान हलवली.

लीलाताई मात्र खड्ड्याकडे बघत होत्या. दीड एकराच्या मधोमध मातीचा एकच खांब उभा होता, दहा फूट उंच, मीटरभर रुंद. चहूबाजूंनी खणत गेले आणि तेवढाच ठेवला.

"हा माझ्या सांगण्यावरून ठेवलाय," त्या मला म्हणाल्या. "माती खणताना एवढा तुकडा सोडायचा. मूळ जमीन कुठवर होती आणि किती खणलं, ते त्यावरून कळतं. रेल्वेत आम्ही त्याला साक्षी म्हणतो."

"ड्रोन असताना?"

"ड्रोन येतो आणि जातो, बाळकृष्ण. शिडी आणा."

त्रेसष्ट वर्षांची बाई शिडीवरून खांबाच्या माथ्यापर्यंत चढली. वर जुन्या शेताचा तेवढाच चौकोन उरला होता, ओढणीएवढा, आणि त्यावर काहीतरी हिरवं उगवलं होतं. लीलाताईंनी एक पान खुडलं, चुरगळलं, हुंगलं. मग रुमालात बांधलं आणि खाली उतरल्या. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, आणि हे फार वाईट लक्षण आहे. मी त्यांना पत्ते खेळताना पाहिलंय.

"आपल्या सोसायटीचं लॉन कुणी केलं?" गाडीत बसता बसता त्यांनी विचारलं.

"निविदा मागवल्या होत्या. 'गुलिस्तां ग्रीन' म्हणून एक फर्म. फार सज्जन लोक. वरून काढलेला लॉनचा फोटोही फ्रेम करून भेट दिला."

"सही कुणाची?"

"सचिवाची."

"म्हणजे तुमची," लीलाताई म्हणाल्या, आणि मला गाडी लष्करी छावणीच्या रस्त्याने घ्यायला सांगितली. वळसा घालून छावणीतून का आणलं, हे मी विचारलं नाही. त्यांना विचार करायला शांत रस्ते लागतात.

४. दोन मासे

अनीश सक्सेनाचं ऑफिस गोमती नगरलाच, काचेच्या इमारतीत सहाव्या मजल्यावर. वय चाळीस, जिभेवर साखर. आम्हाला दारातून आत घेताना त्याने इतकं "पहले आप" केलं, की मागच्या लिफ्टमधून आलेले दोघं आमच्या आधी आत जाऊन बसले.

भिंतभर नकाशे होते. प्रत्येकाच्या कोपऱ्यात उत्तर दिशा दाखवणारा बाण, पण साधा नाही. समोरासमोर वळलेले दोन मासे आणि त्यांच्या शेपट्यांमधून वर गेलेलं टोक.

"सुंदर आहे हो," लीलाताई म्हणाल्या.

अनीश फुलला. "मी स्वतः काढलाय, आंटी. लखनौच्या नवाबांचं चिन्ह, दोन मासे. पूरे यूपी में किसी और के नक्शे पर नहीं मिलेगा. मेरी सिग्नेचर समझिए."

"मोजणी किती वाजता करता?"

"ठीक बारह बजे. दरवेळी. सूर्य डोक्यावर असला की सावली कमी पडते, माप अचूक येतं. नऊ महिन्यांत एकदाही चुकलेलो नाही."

"आणि ढीग?"

"अठराशे. कधी एक वर, कधी एक खाली. मी आकारमान मोजतो, आंटी. आत काय आहे ते बघणं माझं काम नाही." तो दिलगीर होऊन हसला. "खरं सांगू? जगदीशजींवर संशय घ्यायला मन होत नाही. पण गाव त्यांचं, रस्ता त्यांचा... असो. तो खांब मात्र काढून टाका. प्रत्येक फोटोत मध्ये येतो. ड्रोनच्या जमान्यात त्याचा उपयोग काय?"

"जुनी सवय," लीलाताई म्हणाल्या. "मला त्या नऊही महिन्यांचे फोटो मिळतील?"

"लॅमिनेट करून देतो!"

आणि त्याने दिले. तारीखवार, रंगीत, चकचकीत. एकेका फोटोवर बोट ठेवून कौतुक करवून घेतलं, मग लिफ्टपर्यंत सोडायला आला.

घरी आल्यावर लीलाताईंनी ते नऊ फोटो जेवणाच्या टेबलावर मांडले. कांचन एका बाजूने बघत होती, मी दुसऱ्या. ढीग, खड्डा, खांब. ढीग, खड्डा, खांब. मला नऊ वेळा तेच दिसलं.

"विपुलच आहे," मी म्हटलं. "हंस विसरू नका."

"विपुलला तलाव हवाय, हे खरं," लीलाताई म्हणाल्या. "पण तलावासाठी माती नासवली तरी पुरते. चोराने ती नासवली नाही, जपून नेली. ज्याला शेत बुडवायचं आहे तो माती फेकतो. नेतो तो, ज्याला मातीची किंमत कळते." मग त्यांनी फोटो गोळा केले. "बाळकृष्ण, मंगळवारी सकाळी लॉन कापून घ्या. कापलेलं गवत पिशवीत भरा. आणि क्लबरूममधला तो फ्रेम केलेला फोटो भिंतीवरून काढून आणा."

"तो सोसायटीच्या मालकीचा आहे. ठराव लागेल."

"लॉनसुद्धा सोसायटीच्या मालकीचं आहे असं तुम्हाला वाटतंय," त्या म्हणाल्या. "मंगळवारी बघू."

५. समिती

मंगळवारी खड्ड्याच्या काठावर मांडव होता, खुर्च्या होत्या, आणि समितीचे अध्यक्ष होते. त्यांना दुपारी दुसरीकडे उद्घाटन होतं, त्यामुळे ते न्यायाच्या घाईत होते.

"माती नाही म्हणजे कलम अकरा," ते म्हणाले. "आणि या जगदीश वर्मांवर गुन्हा. कुणाला काही म्हणायचंय?"

विपुल हंसाच्या दिशेने पाहत होता. जगदीशजी छत्री घट्ट धरून ताठ बसले होते. त्यांचा इस्त्रीचा कुर्ता पहिल्यांदाच घामाने चिकटलेला दिसला. अनीश अध्यक्षांना पंख्याची जागा देत होता.

"मला म्हणायचंय," लीलाताई उठल्या. "विपुलजी, मोजणीच्या शनिवारी इथे काय असायचं?"

"सन्नाटा."

"जगदीशजी?"

"मेळा!"

दोघांनी दीड वर्षात पहिल्यांदा एकमेकांकडे पाहिलं.

"माझे लोक तर सुट्टीवर असायचे," विपुल म्हणाला. हे त्याने थेट जगदीशजींना उद्देशून म्हटलं, आणि म्हटल्यावर दचकला.

"म्हणजे त्या गाड्या तुझ्या नव्हत्या?"

"माझ्या असत्या तर मी हिशोब नसता मागितला?"

"हेच," लीलाताई म्हणाल्या. "हे दोघं एकदा, एका वाक्यापुरते बोलले असते, तर चोरी पहिल्याच शनिवारी पकडली गेली असती. चोराला हा अबोला माहीत होता. तो दोघांनाही भेटायचा. खाण रिकामी ठेवायची अट त्याची. ढिगावर जाळी घालायची सूचना त्याची. जाळीखाली रंग दिसत नाही. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर. तीन शनिवार, साठ-साठ डंपर. काळी माती बाहेर, खड्ड्यातली पिवळी वर, पुन्हा जाळी, आणि मग मोजणी. ढीग कमी कसा भरेल? मोजणारा आणि नेणारा एकच होता."

मांडवात कुणीतरी खुर्ची सरकवली. अनीश हसत होता. "आंटी, कहानी बढ़िया है. पण मी बारा वाजता येतो, तासाभरात जातो. रेकॉर्ड आहे."

"आहे ना. लॅमिनेट केलेलं." त्यांनी नऊ फोटो टेबलावर पसरले. "साहेब, यात मधोमध तो खांब बघा. खांबाची सावली बघा. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, सावली आखूड. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च, थोडी लांब. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर. पार खड्ड्याच्या कडेपर्यंत."

"सर्दियों में सावली लांबच पडते!" अनीश म्हणाला. "ही शाळेतली गोष्ट आहे."

"बरोबर. म्हणून मी लांबी धरतच नाही." लीलाताईंनी डिसेंबरचा फोटो अध्यक्षांपुढे सरकवला. "दिशा बघा. लखनौत हिवाळ्यात भर बाराला सावली उत्तरेला पडते. जानेवारीच्या फोटोत ती उत्तरेलाच आहे. डिसेंबरात ती पूर्वेला का गेली? पूर्वेला सावली संध्याकाळी पडते, सूर्य मावळायला टेकला की. हे तीन फोटो बाराचे नाहीत. दिवसभर ढीग उघडा होता, जाळी परत लागेपर्यंत फोटो काढताच येत नव्हता."

"उत्तर कुठली, पूर्व कुठली, हे तुम्ही कशावरून ठरवलं?" अनीशचा आवाज किंचित चढला.

"तुमच्या माशांवरून," लीलाताई म्हणाल्या.

अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. दोन मासे कोपऱ्यात निरागसपणे उत्तर दाखवत होते.

"एखादी मोजणी उशिरा झाली, म्हणून मी चोर?" अनीशने शेवटचं अवसान आणलं. "माती कुठे आहे मग? दाखवा!"

"बाळकृष्ण, फोटो."

मी फ्रेम टेबलावर ठेवली. आमचं लॉन, वरून काढलेलं, 'गुलिस्तां ग्रीन'ची सप्रेम भेट. त्याच्या कोपऱ्यात, सोनेरी चौकटीच्या अगदी आत, समोरासमोर वळलेले दोन मासे होते. तीन महिने मी रोज त्या फोटोखाली बसून सभा घेत होतो.

"पूरे यूपी में किसी और के नक्शे पर नहीं मिलेगा," कांचन हळूच म्हणाली.

"आता पिशवी."

मी पिशवी उघडली. उन्हात तापलेल्या मांडवात तो वास एखाद्या मोठ्या माणसासारखा आला, सगळ्यांना बाजूला सारत. चेतनाने ज्याला बाम म्हटलं तो. जगदीशजी ताडकन उठले. पिशवीत हात घालून त्यांनी गवतातून एक जाडसर, खरखरीत पान शोधलं आणि नाकाशी धरलं. बराच वेळ धरलं.

"पिपरमिंट," ते म्हणाले. "हमारा है."

"त्याची मुळं मातीत राहतात आणि थंडी सरली की पुन्हा फुटतात," लीलाताईंनी रुमाल सोडून दुसरं पान शेजारी ठेवलं. "हे त्या खांबाच्या माथ्यावरचं. जिथून माती हललीच नाही, तिथलं. कागदावर या शेतात गहू होता. चोराने कागद वाचला होता. गव्हाचं काही उगवलं तर ते लॉनमध्ये गवत म्हणून खपलं असतं. जूनमध्ये इथे काय होतं हे फक्त शेताला आणि शेतकऱ्याला माहीत होतं. साहेब, गोमती नगरात पिपरमिंट पेरायला कुणी जात नाही. पेरलं तर सचिव ठराव मागतात."

अध्यक्षांनी आधी अनीशकडे पाहिलं, मग घड्याळाकडे, मग फोनवर कुणाला तरी सांगितलं की उद्घाटन पुढे ढकला. लखनौत साहेबाने नारळ थांबवला, एवढ्यावरून निकाल काय लागणार हे सगळ्यांना कळलं.

अनीश दाराकडे निघाला. मांडवाला दार एकच, आणि तिथे जगदीशजी छत्री आडवी धरून उभे होते. त्यांच्या शेजारी विपुल.

"पहले आप," विपुल त्याला म्हणाला आणि खुर्ची दाखवली. "बैठिए."

६. खांब

माती परत आली. 'गुलिस्तां ग्रीन' अनीशच्या मेहुण्याच्या नावावर निघाली. तिच्या बिलांवरून बाकीची माती एका लग्नाच्या लॉनमध्ये आणि एका फार्महाऊसवर सापडली. ती उचलून आणायचा हुकूम अनीशलाच झाला, आणि या वेळी मोजणी टेपने झाली.

आमच्या सोसायटीतली सभा तीन तास चालली. ठराव असा होता: 'सचिवांनी चोरीची माती विकत घेतली, याबद्दल सभा त्यांचे अभिनंदन करते, कारण त्यांनी ती घेतली नसती तर सापडली नसती.' हा ठराव चेतनाने मांडला. ती हसत नव्हती, त्यामुळे तो एकमताने पास झाला. दुसऱ्या दिवशी लॉन गेलं. डंपरमागोमाग मी स्कूटरवरून भटपुरव्यापर्यंत गेलो. का, ते मलाही सांगता येणार नाही. माझ्या सहीने बाहेर आलेली कुठलीच गोष्ट आजवर जागेवर परत गेली नव्हती.

जून अर्धा सरला तेव्हा कांचनचा फोन आला, की आज शेवटचा थर. आम्ही पोचलो तेव्हा खड्डा नव्हताच. कालव्याचा गाळ, त्यावर पिवळी, दाबून, पाणी मारून, पुन्हा दाबून. वर काळी माती पसरत ट्रॅक्टर फिरत होता, आणि मधोमध खांबाचा माथा तेवढा दिसत होता, फूटभर वर, डोक्यावर हिरवा तुरा घेऊन. बांधावर अध्यक्षसाहेब बसले होते, बिनउद्घाटनाचे. त्यांच्या शेजारी विपुल. हंस त्याने गावाच्या तळ्याला देऊन टाकला होता.

"वर्माजी, साइट तर एकदम..." तो बोलू लागला.

जगदीशजींनी छत्री उचलली.

"खेत," विपुल म्हणाला. "खेत एकदम बढ़िया हो गया."

"हाँ," जगदीशजी म्हणाले. "पण यात तुमच्या या सचिवसाहेबांचं लॉनचं गवत आलंय. ते कोण उपटणार?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी आधीच बूट काढून उतरलो होतो.

ट्रॅक्टरने शेवटची फेरी घेतली. माती खांबाच्या कडेला लागली, चढली, आणि माथ्याशी थांबली. ना बोटभर वर, ना बोटभर खाली. लीलाताई बांधावरून उतरल्या, शेताच्या मधोमध चालत गेल्या आणि जिथे खांब होता तिथे उभ्या राहिल्या. आता तिथे खांब नव्हता, सपाट जमीन होती. फक्त पायाखालचा ओढणीएवढा तुकडा हिरवा, आणि त्याच्या चहूबाजूंना दीड एकर काळी, ओली, मोकळी.

"कांचन," त्यांनी हाक मारली, "लिही. पातळी मूळची."

कांचनने लिहिलं. मग खाली तारीख घातली.

जगदीशजींनी तो तुकडा फावड्याने सोडवला, मुळं हाताने सुटी केली, आणि एकेक मूळ दोन दोन हातांवर लावत निघाले. पहिलं त्यांनी लावलं, दुसरं विपुलच्या हातात दिलं.

"पाणी किती घालायचं?" विपुलने विचारलं.

हे त्याने थेट विचारलं. लेखी नाही.